451.9 मीटर, त्यातले 375 वापरातले

451.9 मीटर. या आकड्यावर क्वालालंपूरचे पेट्रोनास जुळे मनोरे 1998 मध्ये जगातल्या सर्वांत उंच इमारती ठरले. शिकागोच्या सिअर्स टॉवरचे छप्पर 442 मीटरवर आहे. त्याचा जवळपास पाव शतकाचा विक्रम 10 मीटरांहून कमी फरकाने मोडला.

पेट्रोनासमधला वापरातला सर्वांत वरचा मजला 375 मीटरवर आहे. उरलेले 77 मीटर, म्हणजे उंचीचा 17 टक्के भाग, मुख्यतः सुळक्याचा आहे. सिअर्समध्ये असा मजला सुमारे 412 मीटरवर आहे. माणसे किती उंचीवर बसतात हे मोजले तर शिकागो 37 मीटरने पुढे राहते. निकाल ठरवला तो नियमाने: सुळका वास्तूचा भाग, अँटेना नाही. सिअर्सवरचे अँटेना 500 मीटरच्याही वर जातात, पण ते धरले गेले नाहीत. जागेचा हिशेबही असाच आहे. पेट्रोनासचे दोन्ही मनोरे मिळून सुमारे 4 लाख चौरस मीटर भरतात. जवळपास तेवढी जागा एकट्या सिअर्समध्ये आहे.

माझ्या मते या प्रकल्पाचे खरे मोठे आकडे जमिनीखाली आहेत. पोलाद आयात करणे महाग होते, म्हणून सांगाडा उच्च ताकदीच्या काँक्रीटचा झाला आणि वजन वाढले. एका मनोऱ्याचे सुमारे 3 लाख टन. ते पेलायला खाली सलग खडक नव्हता. चुनखडीत पोकळ्या निघाल्या आणि मनोऱ्यांची जागा सुमारे 60 मीटर सरकवावी लागली. पायाचे काही खांब (पाइल) 114 मीटर खोल गेले. प्रत्येक मनोऱ्याखालचा राफ्ट, म्हणजे पायाचा सलग काँक्रीटचा थर, साडेचार मीटर जाडीचा. त्यात 13,200 घनमीटर काँक्रीट सलग 54 तास ओतले गेले. वरच्या 77 मीटरांनी विक्रम मिळवून दिला, इमारत उभी आहे ती या खोलीवर.

41 आणि 42 व्या मजल्यांवर दोन्ही मनोऱ्यांना जोडणारा पूल 58.4 मीटर लांब आणि 750 टन वजनाचा आहे. तो मनोऱ्यांना घट्ट जखडलेला नाही. वाऱ्याने दोन्ही मनोरे वेगवेगळे हलतात, तेव्हा पुलाची टोके आत-बाहेर सरकतात. आग लागली तर दुसऱ्या मनोऱ्यात जाण्याची वाटही हीच.

विक्रम 2004 मध्ये 508 मीटरच्या तैपेई 101 कडे गेला. जुळ्या मनोऱ्यांपुरता तो आजही पेट्रोनासकडे आहे. मलेशियातली सर्वांत उंच इमारत मात्र आता त्याच शहरातली 678.9 मीटरची मर्देका 118 आहे, आणि तिच्याही उंचीत सुळक्याचा वाटा दीडशे मीटरहून अधिक आहे.