वडील चित्रकारांच्या नांवाची शिष्यवृत्ति

कलासंस्थेनें आपल्या जुन्या सभासदांचा गौरव कसा करावा, याची ठरलेली रीत आपणां सर्वांस ठाऊक आहे. शाल, श्रीफळ, चार भाषणें आणि सभागृहाच्या भिंतीवर एक तसबीर. याहून टिकाऊ असा एक मार्ग बाँबे आर्ट सोसायटीनें दाखविला आहे. त्याविषयीं, श्रोतेहो, आज थोडें सांगावयाचें आहे.

ही सोसायटी १८८८ सालीं स्थापन झाली. तिच्या वार्षिक प्रदर्शनांतील पदकानें कित्येकांचें नांव प्रथम लोकांपुढें आलें. महादेव विश्वनाथ धुरंधरांस तिचें सुवर्णपदक १८९५ सालीं मिळालें, अमृता शेरगिल यांस १९३७ सालीं, नारायण श्रीधर बेंद्रे यांस १९४१ सालीं. सिनेमाचे फलक रंगवून ज्यांनीं मुंबईंत दिवस काढले, त्या मकबूल फिदा हुसेन यांचें चित्र १९४७ च्या प्रदर्शनांत लागलें. पुढें सोसायटीनें तरुण कलावंतांसाठीं शिष्यवृत्ति ठेवली, तिला बेंद्रे व हुसेन या दोघांचींही नांवें दिलीं.

ही जोडी मोठी बोलकी आहे. बेंद्रे इंदूरचे, हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. परंतु इंदूरच्या चित्रशाळेंत दोघेही देवळालीकर गुरुजींच्याच हाताखालीं शिकले. आणि तरी बेंद्र्यांचें चित्र हुसेनांच्या चित्राशेजारीं ठेवलें, तर गुरु एक होता हें कोणास सांगूनही पटावयाचें नाहीं! शिष्यवृत्ति ज्यांच्या नांवाची, त्यांचीच शैली गिरविली पाहिजे अशी अट कोणी घालूं लागल्यास त्यास हें उदाहरण दाखवावें.

बक्षीस व शिष्यवृत्ति यांतील भेद पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. बक्षीस झालेल्या कामाबद्दल मिळतें. शिष्यवृत्ति व्हावयाच्या कामासाठीं दिली जाते. रंग, कॅनव्हास, चौकटी, आणि सर्वांत महाग वस्तु म्हणजे निवांत वेळ, हीं सारीं चित्र विकलें जाण्याच्या आधीं लागतात. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत उत्तम उतरलेलीं मुलें मास्तरकीच्या काळांत मीं पुष्कळ पाहिलीं. त्यांतलीं कांहीं कलाशाळेची पदविकाही घेऊन आलीं. घात होतो तो त्यापुढच्या दोन वर्षांत. शिक्षण संपलेलें असतें, मिळकत सुरू झालेली नसते. घरचीं माणसें 'आतां पुरे' म्हणतात, आणि त्यांचें चुकतें असेंही म्हणवत नाहीं. आमच्या अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या बापानें मुलाच्या रंगांसाठीं किती दिवस पदर झिजवावा? या दोन वर्षांत दरमहा हातीं पडणारी बेताची रक्कमही पदकाहून अधिक उपयोगी पडते.

अशी शिष्यवृत्ति ठेवणें वाटतें तितकें अवघड नाहीं; मात्र हिशेब चोख पाहिजे. मुद्दल कायम ठेवून व्याज तेवढें खर्चावयाचें, ही सर्वमान्य रीत. पांच लाखांवर शेंकडा सहा व्याज धरलें, तर वर्षाचे तीस हजार, म्हणजे दरमहा अडीच हजार रुपये होतात. परंतु सारेंच व्याज वाटून टाकलें, तर रंगांच्या किंमती चढत जातात व रक्कम जागच्या जागीं राहते. पंधरा वर्षांनीं त्या पैशांत कॅनव्हासही पुरेसा येत नाहीं. म्हणून व्याजाचा पांचवा-सहावा हिस्सा दरसाल मुद्दलांत मिळवावा. निधीचा जमाखर्च संस्थेच्या इतर खर्चांत मिसळूं देऊं नये. समारंभाचा मंडप शिष्यवृत्तीच्या पैशांत उभा राहतो तो अशाच मिसळीमुळें.

निवडीसाठीं संस्थेबाहेरचे एकदोन जाणकार असावेत, आणि निवड-समितीच्या नातलगांचे अर्ज घेऊं नयेत, हें नियमांतच लिहून टाकावें. पुढें कोणाचें मन दुखविण्याचा प्रसंग येत नाहीं.

नांवांची आपल्याकडे वाण नाहीं. गोदावरीचे घाट जलरंगांत रंगविण्यांत शिवाजी तुपे यांनीं हयात घालविली. त्यांच्यासारख्यांच्या नांवास भिंतीवरची तसबीर पुरी पडत नाहीं. मात्र वडील माणूस डोळ्यांआड होण्याची वाट पाहण्याचेंही कारण नाहीं. ते हयात असतांनाच शिष्यवृत्ति सुरू करावी, रक्कम तिमाहीनें द्यावी, आणि दर तिमाहीस मुलानें आपलीं नवीं चित्रें त्यांच्या घरीं नेऊन दाखवावीं. पाठ थोपटावयाची कीं कान धरावयाचा, हें त्यांचें त्यांस ठरवूं द्यावें.