खोक्यावर उभा राहून शिकलेला जगज्जेता

कॅरमच्या बोर्डाची चारही भोके बुजवून टाकली, तर मग खेळायचे तरी काय, असे तुम्ही विचाराल. पण असा एक खेळ युरोप-अमेरिकेत दीडशेहून अधिक वर्षे खेळला जात आहे. त्याचे नाव कॅरम बिलियर्ड्‌स. (पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली ज्यात जगज्जेतेपद मिळवले ते बिलियर्ड्‌स निराळे, बरे का! त्या टेबलाला खिसे असतात.) येथे कापडाने मढवलेले दहा फूट लांब व पाच फूट रुंद टेबल, चारही कडांना रबरी गाद्या आणि तीन चेंडू, एवढाच सरंजाम. क्यूने, म्हणजे लांब निमुळत्या काठीने, आपला चेंडू असा मारायचा की तो उरलेल्या दोन्ही चेंडूंना लागला पाहिजे. लागला की एक गुण, आणि पुन्हा आपलीच पाळी.

या खेळातील थोर खेळाडू विली हॉपी १८८७ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नवॉल-ऑन-हडसन या गावी जन्मला. वडिलांच्या लहानशा हॉटेलात एक टेबल होते. मूल एवढेसे आणि टेबल उंच! तेव्हा स्वारी खोक्यावर उभी राहून खेळू लागली. मोठी माणसे कोपर वर ठेवतात आणि त्याखालचा हात घड्याळाच्या लंबकाप्रमाणे झुलवतात. ठेंगण्या विलीला ते कसे जमावे? तो कोपर बाजूला काढून हात आडवा फिरवी. पुढे उंची वाढली, खोके गेले, पण आडव्या हाताची ती सवय जन्मभर राहिली.

मग असा वेडावाकडा हात असूनही फटका अचूक कसा बसे? क्यूचे टोक आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरताच टिकतो. तेवढ्यात चेंडूला तीनच गोष्टी कळतात : क्यू कोणत्या दिशेने आला, किती वेगाने आला आणि नेमका कोठे लागला. पलीकडचे कोपर उभे होते की आडवे, याची चेंडूला काय पंचाईत!

१५ जानेवारी १९०६ रोजी पॅरिसमध्ये अठरा वर्षांच्या हॉपीची गाठ मोरिस विन्यो या फ्रेंच जगज्जेत्याशी पडली. हॉपी जन्मला नव्हता तेव्हापासून विन्योचे नाव गाजत होते. हॉपीने ५०० विरुद्ध ३२३ गुणांनी सामना जिंकला.

त्या सामन्याचे नियम मोठे गमतीचे होते. त्यापूर्वी पट्टीचे खेळाडू दोन चेंडू कडेला जवळजवळ आणीत आणि हळूच टिचक्या मारीत शेकडो गुण करीत. प्रेक्षक जांभया देत असतील तर नवल नाही! कौशल्यच खेळाच्या मुळावर आले. म्हणून टेबलावर कडांपासून अठरा इंचांवर रेघा आखून चौकोन पाडण्यात आले. एकाच चौकोनात दोन्ही चेंडू असतील, तर गुण घेतानाच त्यांपैकी एक तरी बाहेर घालवावा लागे.

पुढे याहून अवघड प्रकार लोकप्रिय झाला : तीन गाद्यांचा. दुसऱ्या चेंडूला लागण्यापूर्वी आपला चेंडू निदान तीनदा गादीवर आपटलाच पाहिजे. येथे क्यू कोठे लागला याला फार महत्त्व येते. मध्यभागी न मारता उजवीकडे वा डावीकडे मारले, की चेंडू भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत जातो. प्रकाशाच्या बाबतीत आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात, हे तुम्ही शिकला आहात. फिरणारा चेंडू मात्र हा नियम पाळीत नाही. गादीशी घर्षण होऊन, फिरण्याच्या दिशेप्रमाणे, तो कधी अधिक पसरट कोनाने परततो तर कधी अधिक उभ्या. तुम्हीही रबरी चेंडू बोटांनी फिरकी देऊन भिंतीवर टाकून पाहा. एकदा या बाजूची फिरकी, एकदा त्या बाजूची.

या सर्वाचे गणित कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ सालीच एका ग्रंथात मांडले होते. होय, पृथ्वीच्या परिवलनामुळे वारे वळतात त्या संदर्भात ज्याचे नाव येते तोच हा! बाजूची फिरकी जास्तीत जास्त हवी असेल, तर केंद्रापासून त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर मारावे, असे त्याने दाखवले. त्याहून कडेला मारू गेल्यास टोक निसटण्याचे भय वाढते. म्हणूनच खेळाडू क्यूच्या चामडी टोकाला वारंवार खडू घासतात.

हॉपीने तीन गाद्यांच्या खेळातले जगज्जेतेपद प्रथम १९३६ साली मिळवले, तेव्हा त्याच्या खेळाला तीस वर्षे उलटून गेली होती. १९४० च्या स्पर्धेत तो वीस सामने खेळला आणि वीसही जिंकला. त्या वेळी त्याचे वय ५२ होते. १९५२ साली तो निवृत्त झाला, तोवर त्याच्या नावावर निरनिराळ्या प्रकारांतील ५१ जगज्जेतेपदे जमा झाली होती.