अफवेची भीति आणि मनाचें आरोग्य

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा या गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष तेथें आले. भिक्षा मागत गांवोगांव हिंडणें ही त्या समाजाची पिढीजात वृत्ति. परंतु मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशी वार्ता व्हॉट्सॲपवरून त्या भागांत आधींच पसरली होती. संशय आला, जमाव जमला, आणि ग्रामपंचायतीच्या खोलींत पांचही जणांना मरेपर्यंत मारण्यांत आलें. तीं माणसें मुलें पळविणारीं नव्हतीं. त्याच दिवशीं मालेगांवांतहि अशाच संशयानें एका कुटुंबाला जमावानें घेरलें. तेथें पोलिसांनीं त्यांची सुटका केली.

मारावयास धांवलेले सारेच जन्माचे क्रूर होते, असें मानणें सोयीचें आहे. पण त्यानें कांहींच उलगडत नाहीं. वाटेंत साप दिसला कीं छाती धडधडते, श्वास वाढतो, स्नायु ताठ होतात; साप गेला कीं शरीर पूर्वस्थितीवर येतें. अफवेंतला चोर मात्र दिसतहि नाहीं आणि जातहि नाहीं. मग पहारा संपावा केव्हां? झोंप तुटक होते, स्वभाव चिडखोर होतो, मांजरानें भांडें पाडलें तरी घर जागें होतें. शिवाय जें सहज आठवतें तें वारंवार घडतें, असें मन समजतें. एकच घरफोडी दहा तोंडांनीं ऐकली, कीं ती दहा घरफोड्यांएवढी होते.

धुळें आणि जळगांव येथें उन्हाळ्यांत घरांतल्या भिंतीहि तापतात. अशा रात्रीं गच्चीवर अंथरूण घालणें ही चैन नव्हे, गरज आहे. गल्लींत चोरी झाल्याचें कळलें, कीं कुटुंब खालीं येऊन कड्या लावून उकाड्यांत तळमळत पडतें. आजोबा संध्याकाळचें फिरणें सोडतात, बायका ओट्यावरचें बसणें आटोपतें घेतात. ज्या शेजाराच्या ओळखीनें धीर यावयाचा, तोच अशा रीतीनें तुटतो. लंडनमधील सरकारी नोकरांविषयींचें एक संशोधन २००७ साली प्रसिद्ध झालें. गुन्ह्याची भीति अधिक असणाऱ्यांत नैराश्याचें प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळलें. तीं माणसें व्यायाम कमी करीत आणि मित्रांनाहि कमी भेटत. अर्थात् खचलेलें मनहि अधिक भितें, हें विसरतां कामा नये.

या भीतीची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. ज्याला परक्या गांवांत शिरल्यावांचून भाकरी मिळत नाहीं, त्या भटक्याच्या बायकोची झोंप कोणी मोजली आहे? नवरा परतेपर्यंत तिचाहि पहाराच चालू असतो.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांपेक्षां अधिक ठिकाणीं पुढें पाठविण्यावर बंधन घातलें. १७ जुलै २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें झुंडबळी रोखण्यासाठीं प्रत्येक जिल्ह्यांत वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. उडालेल्या झोंपेचा उपाय मात्र न्यायालयाच्या हातीं नाहीं. त्यासाठीं १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी सेवा सुरू झाली. तेथें मराठींतूनहि बोलतां येतें. निरोप खरा कीं खोटा, याची विचारपूस मात्र पोलीस ठाण्यांतच करावयाची, आणि तीहि तो पुढें धाडण्यापूर्वीं.