चूक टांकसाळीची की मार वापराचा?

बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. म्हणून इथल्या जुन्या घरांत निजामाचा हाली सिक्का, इंग्रजांचा भोकाचा पैसा आणि मराठ्यांची तांब्याची शिवराई एकाच डब्यात सापडतात. अक्षर तुटलेलं दिसलं की दुर्मीळ नाणं हाती लागल्याचा आनंद होतो. पण शिवराई हातोड्याने पाडली जाई. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान. ‘छत्रपति’मधलं एखादं अक्षर कडेबाहेर जाणं नेहमीचंच. 1943 ते 1947 च्या पैशाचं भोकही महायुद्धात तांबं वाचवायला टांकसाळीनेच ठेवलेलं. उंबरठ्याला ठोकलेल्या नाण्याचं भोक निराळं: खिळ्याने धातू एका बाजूला बाहेर आलेला असतो.

यंत्रावरच्या नाण्यात धातूची कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते आणि धातू ठशाच्या प्रत्येक खळग्यात शिरतो. ठशाला तडा गेला असेल तर त्यातही शिरतो. त्यामुळे टांकसाळीतल्या तड्याची रेघ नाण्यावर उंचावलेली दिसते. ओरखडा खोल असतो आणि त्याच्या कडेला ढकललेला धातू नखाला लागतो. घरी करण्याजोगी याहून चांगली परीक्षा नाही.

चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असलेलं नाणं मला सर्वांत मोहक वाटतं. पट्टीतून चकत्या कापताना पट्टी नीट सरकली नाही, तर नवी चकती आधीच्या भोकावर कापली जाते. पुढे काठ उचलताना त्या जागी दाब मिळत नाही, म्हणून बरोबर समोरचा काठही बहुधा पुसट राहतो. कानशीने घासलेल्या नाण्याचा समोरचा काठ मात्र ठळक असतो.

परळीच्या रुळांवर पोरांनी चपटी केलेली नाणी पाहा: त्यांची अक्षरंच ताणलेली असतात. टांकसाळीत चकतीला भोवतून धरणाऱ्या कड्याविना पसरलेल्या नाण्यावर मधली अक्षरं जवळपास मूळ मापाची राहतात. शंका राहिलीच तर सराफाच्या काट्यावर तोला. 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅमचा, आम्लात झिजवलेला त्याहून हलका भरतो.

जुन्या नाण्यांना लाखो रुपये देतो म्हणत आधी कमिशन मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सावध केलं आहे. बँकेने असं कमिशन घ्यायला कुणालाही नेमलेलं नाही. तेव्हा नाणं आधी भिंगाखाली धरा आणि फोनवर कुणाला एक पैसाही पाठवू नका.