चांदणं निळं नसतं! गावाकडची पौर्णिमा तैलरंगात कशी उतरवायची?

बालाघाट : कोजागिरीच्या रात्री वैनगंगेकाठची उभी धानाची शेतं पाहिली, की चित्र काढणाऱ्याचा हात शिवशिवतो. पण कॅनव्हासवर उतरतं काय? आभाळ गडद निळं, चंद्र पांढराफट्ट, झाडं काळीकुट्ट. चांदणं मात्र कुठेच नाही. असं का होतं?

डोळ्यांचा खेळ

चांदणं म्हणजे चंद्रावरून परतलेलं ऊनच. फक्त ते दुपारच्या उन्हापेक्षा सुमारे ४ लाख पट मंद असतं. एवढ्या कमी उजेडात डोळ्याला लाल रंग काळपट दिसतो, निळा-हिरवा त्यामानानं उजळ वाटतो. म्हणून कवेलूचं लाल छप्पर रात्री लाल रंगवायचं नाही, तपकिरी-काळं ठेवायचं.

सुरुवात कशी करायची?

आधी अंधारात वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बसा, डोळे सरावू द्या. मोबाईलचा फोटो इथं कामाचा नाही. नाईट मोड रात्रीचा दिवस करून टाकतो.

कॅनव्हासला आधी राखाडी-तपकिरी पातळ हात द्या. ट्यूबमधला काळा टाळा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळला की जिवंत अंधार मिळतो. दूरचे सातपुड्याचे डोंगर फिकट, धुरकट ठेवा. जवळचा धुरा आणि मोहाचं झाड गडद. धानाचं एकेक पातं काढू नका. बांधीचा एकसंध पट्टा, कडा पुसट, एवढं पुरे.

पांढरा रंग जपून

खरी मेख इथंच आहे. उजळ पांढरा फक्त चंद्राला आणि बोडीच्या पाण्यातल्या तुटक चकाकीला द्या, तोही किंचित पिवळसर. रशियन चित्रकार कुइंजी यांनी १८८० साली नीपर नदीवरच्या चांदण्या रात्रीचं एकच चित्र अंधाऱ्या दालनात मांडलं, तेव्हा मागे दिवा तर लपवला नाही ना, अशी शंका लोकांना आली म्हणतात. दिवा नव्हता, भोवतीचा अंधार नेमका होता. घराच्या खिडकीत ऑकर-नारिंगीचा एक ठिपका दिला, की चांदणं आपोआप थंड वाटू लागतं.

तेलाचं गणित

तैलरंगात असतं ते जवसाचं तेल, आपल्याकडे धानामागून उतेऱ्यात पेरतात तेच जवस. खालचा थर टर्पेंटाईननं पातळ, वरचा जास्त तेलाचा. उलटं केलं तर रंगाला तडे जातात. खिडकी उघडी ठेवा. तेलकट चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.