दोन मायक्रोमीटरची खिडकी

रोहा आणि अष्टमी यांच्या मधून कुंडलिका वाहते. जवळच धाटावची एमआयडीसी आहे आणि तिथल्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी सामूहिक प्रक्रिया केंद्र आहे. अशा केंद्रांची मोठी भिस्त जिवाणूंवर असते. हवा सोडलेल्या टाकीत ते सेंद्रिय रसायने खाऊन फस्त करतात. पण सांडपाण्याची तीव्रता एकदम वाढली, म्हणजे चालकांच्या भाषेत ‘शॉक लोड’ आला, की हेच जिवाणू मलूल होतात आणि टाकीची घडी बसायला पुन्हा वेळ लागतो. त्या वेळी जिवाणूंच्या वस्तीत नेमके काय घडते?

हे सांगू शकणारे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. ते विद्युतभारित रेणूंना वस्तुमानानुसार वेगळे करून ओळखते, त्यासाठी रेणूंना रंग लावावा लागत नाही. मात्र या यंत्राचा गाभा निर्वात असतो. तिथे पाणी क्षणात उडून जाते, पेशी वाळून मरतात. म्हणून नमुना सुकवून किंवा गोठवूनच आत ठेवायचा, हीच वर्षानुवर्षांची रीत.

अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीत शाओ-यिंग यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. त्यांच्या ‘साल्वी’ या उपकरणात द्रव वाहण्यासाठी सूक्ष्म मार्ग असतो. त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा 100 नॅनोमीटर जाडीचा पडदा आणि पडद्याला सुमारे 2 मायक्रोमीटर व्यासाचे छिद्र. अळवाच्या पानावर पाण्याचा मणी अखंड ठेवणारा पृष्ठताणच इथे पाणी अडवून धरतो. गणित सोपे आहे: एवढ्या छिद्रात शुद्ध पाण्याचा पृष्ठताण वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 1.4 पट दाब पेलू शकतो. छिद्र दहापट रुंद केले, तर ही क्षमता दहापट घटते आणि पाणी बाहेर पडते.

या छिद्रावर आयनांचा झोत मारला जातो. पृष्ठभागावरून उडालेले भारित तुकडे शोधकाकडे धावतात, हलके आधी पोचतात, जड मागून. त्या वेळेवरून वस्तुमान कळते आणि झोत बिंदूबिंदूने फिरवला की रेणूंचा नकाशा तयार होतो.

2014 मध्ये या पद्धतीने ओल्या बायोफिल्मचे, म्हणजे जिवाणूंच्या चिकट थराचे, चित्रण प्रसिद्ध झाले. 2016 मध्ये याच गटाने शेवानेला ओनायडेन्सिस या जिवाणूच्या थरावर सहासंयुजी क्रोमियम सोडले. न्यू यॉर्कमधील ओनायडा सरोवरात सापडलेला हा जिवाणू विषारी क्रोमियमचे कमी घातक रूपात रूपांतर करू शकतो. क्रोमियमच्या माऱ्यानंतर पामिटिक आम्लासारखी मेदाम्ले, क्विनोलोन गटातला संदेशवाहक रेणू आणि रायबोफ्लेविन यांच्या खुणा बदललेल्या दिसल्या. रायबोफ्लेविनची नोंद विशेष मोलाची, कारण शेवानेला पेशीबाहेर इलेक्ट्रॉन पोचवण्यासाठी अशाच फ्लेविन रेणूंचा वापर करतो.

मर्यादाही आहेत. झोताखाली मोठे रेणू फुटतात आणि दिसते ते छिद्रापुरतेच. मोठ्या वसाहतींसाठी ‘नॅनो-डेसी’ हे तंत्र वापरतात. त्यात द्रावकाचा सूक्ष्म थेंब पृष्ठभागाला स्पर्श करून रेणू उचलतो, नमुना निर्वातात न्यावाच लागत नाही. 2012 मध्ये ज्युलिया लास्किन, पीटर डोरेस्टीन आणि सहकाऱ्यांनी या तंत्राने जिवंत जिवाणू-वसाहतींतील रेणू टिपले.

सूक्ष्म वाहिन्या आणि मास स्पेक्ट्रोमीटर या दोन्ही विद्या महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अमोल कुलकर्णी रसायननिर्मितीच्या सूक्ष्म वाहिन्यांवर, म्हणजे मायक्रोरिॲक्टरवर काम करतात, त्यांना 2020 चा भटनागर पुरस्कार मिळाला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने मास स्पेक्ट्रोमीटर स्वतः घडवले आहेत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या एका जातीऐवजी प्रक्रिया केंद्रातला खरा गाळ अशा खिडकीमागे ठेवून, शॉक लोडच्या पहिल्या तासात कोणता रेणू आधी बदलतो हे अशा संस्थांनी मिळून शोधायला हवे. तो सापडला, तर टाकी बिघडण्याआधीच तीव्र सांडपाणी वेगळे वळवून ठेवायला चालकांना वेळ मिळेल.