संगणकाचा पंखा घरघरतोय? खिशात हात घालण्याआधी आवाज ओळखा

रावपुरा (बडोदा) : संध्याकाळ उलटली की चिमणाबाई टॉवरच्या आसपासच्या दुकानांची शटर एकेक करून खाली येतात. रस्त्यावरचे हॉर्न थंडावतात आणि टेबलाखालचा एक आवाज पहिल्यांदा नीट ऐकू येतो. बिलं, स्टॉक, उधारी आणि जीएसटी ज्या डेस्कटॉपवर आहे, त्याचा पंखा घरघरत असतो. बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर 'चालतंय ना, चालू दे' म्हणून सोडून देतात, नाहीतर 'मशीन जुनं झालं' म्हणत नव्याची चौकशी सुरू करतात. दोन्ही गोष्टी महागात पडू शकतात. हा आवाज नेमका कसला, हे कळलं तर बऱ्याचदा काम एका ब्रशवर भागतं.

आवाज उशिरा का कळतो?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत बाजारपेठेसाठी दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल आहे. हॉर्न वाजला की आवाज त्याच्या कितीतरी वर जातो. संगणकाचा त्रासदायक वाटणारा पंखाही साधारण ४० ते ५० डेसिबलचा असतो. म्हणजे रस्त्यावरच्या दुकानात तो दिवसभर झाकलेलाच राहतो. घरात बसून काम करणाऱ्याला पहिल्या आठवड्यात कळणारी कुरकुर दुकानदाराला महिन्यांनी कळते, तोवर दुखणं वाढलेलं असतं.

पंखा नेमकं काय करतो?

आपण ज्या डब्याला सरसकट 'सीपीयू' म्हणतो तो खरं तर कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आतल्या मदरबोर्डवरची छोटी चिप, म्हणजेच प्रोसेसर. साध्या डेस्कटॉपचा प्रोसेसर पूर्ण ताणावर ६५ वॅटच्या आसपास उष्णता टाकतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवा. तेवढी धग नखाएवढ्या तुकड्यातून निघते. ती ओढून घेण्यासाठी वर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा हीटसिंक असतो आणि त्यावर पंखा. वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसमध्ये दुसरा पंखा असतो. बऱ्याच कॅबिनेटला मागे तिसराही असतो.

मदरबोर्ड सतत तापमान बघतो आणि प्रोसेसर तापेल तसा पंख्याचा वेग वाढवतो. म्हणून पंखा ओरडतो तेव्हा दोनच शक्यता असतात : आत उष्णता साचतेय, किंवा पंखाच झिजलाय. पहिल्यात पंखा बिचारा आपलं काम करतोय, दुसऱ्यात तो स्वतःच आजारी आहे. उपाय वेगवेगळे आहेत आणि गफलत इथेच होते.

मे महिन्याचा साधा हिशेब

पंखा कितीही फिरला तरी खोलीच्या हवेपेक्षा चिपला थंड करू शकत नाही. तो फक्त हवा आणि चिप यांच्यातला फरक कमी ठेवतो. उदाहरणापुरते आकडे घेऊ. हीटसिंक स्वच्छ असताना हा फरक ४० अंश आहे. खोलीत २५ अंश असेल तर चिप ६५ वर. मे महिन्यात खोली ४२ वर गेली तर चिप ८२ वर, तरीही काम चालतं.

आता पात्यांत धूळ बसली आणि फरक ६० झाला असं धरा. थंडीत २५ अधिक ६०, म्हणजे ८५, कुणाला काही कळत नाही. मे महिन्यात ४२ अधिक ६०, म्हणजे १०२. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद होतं. धूळ दिवाळीपासून साचत होती, वसुली मात्र उन्हाळ्यात झाली. बडोद्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. नंदुरबार, धुळे, जळगावकडेही तीच गत, त्यामुळे हा हिशेब तिकडेही लागू होतो. पावसाळ्यात दमट हवेने हीच धूळ चिकट होऊन पात्यांना धरून बसते.

चार आवाज, चार कारणं

दुरुस्तीवाल्याला 'पंखो बहु अवाज करे छे' एवढंच सांगून भागत नाही. मराठीत सांगा की गुजरातीत, आवाज कसला ते सांगा.

सूं-सूं असा वाऱ्याचा मोठा आवाज : पंखा ठीक आहे, पण जोरात फिरतोय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. अँटिव्हायरसची तपासणी, विंडोजचं अपडेट किंवा ब्राउझरच्या वीस-पंचवीस टॅब प्रोसेसर खात असतील तर आवाज तात्पुरता आहे. काहीच चालू नसताना वापर सतत वर दिसला तर व्हायरसची शंका घ्या. वापर कमी असूनही सूं-सूं चालूच असेल तर धूळ, नाहीतर हीटसिंकखालची वाळलेली थर्मल पेस्ट.

घरघर, खरखर : बेअरिंग. स्वस्त पंख्यांत स्लीव्ह बेअरिंग असतं, त्यातलं तेल उष्णतेने सुकतं. सकाळी चालू केल्यावर घरघर आणि थोड्या वेळाने शांत, ही याची सुरुवातीची खूण. स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला तर काही दिवस निघतात, पण तो उपाय तात्पुरताच. खरा उपाय पंखा बदलणं आणि साधा पंखा काही शे रुपयांत येतो.

फडफड किंवा थरथर : बहुधा आतली वायर पात्याला लागतेय किंवा एखादा स्क्रू ढिला आहे. पत्र्याच्या टेबलावर कॅबिनेट असेल तर टेबलच ढोलासारखा वाजतो. खाली रबराचा तुकडा ठेवून बघा.

टक्... टक्... टक् : इथे सावध व्हा. हा पंख्याचा नसून हार्ड डिस्कचाही आवाज असू शकतो. पंख्याचा ठेका वेगाबरोबर बदलतो, डिस्कचा टकटकाट थांबून थांबून येतो आणि त्या वेळी मशीन अडकतं. शंका आली तर साफसफाई नंतर. आधी हिशेबाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर घ्या. पंखा बाजारात मिळतो, पाच वर्षांची खातेवही मिळत नाही.

साफ कसं करायचं?

मशीन बंद करून प्लग काढा. कॅबिनेट दुकानाबाहेर किंवा गच्चीत न्या. बाजूचं झाकण उघडून रंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशने पात्यांतली धूळ सैल करा आणि ब्लोअरने उडवा. हे करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर हवेच्या झोताने तो नेहमीपेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि चांगलं बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं वापरू नका. थर्मल पेस्ट बदलायची तर सवय असलेल्या माणसाकडून बदलून घ्या. जुनी पूर्ण पुसून नवीन मटाराच्या लहान दाण्याएवढी पुरते.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब राहतो. त्यावर बाहेरूनच हवा मारा. आतला पंखा घरघरत असेल तर काम तंत्रज्ञाचं.

हे करू नका

चालू करताना 'सीपीयू फॅन एरर' आलं की एफ१ दाबून पुढे जाणं ही सर्रास सवय आहे. याचा अर्थ पंखा फिरत नाही किंवा फारच हळू फिरतोय, आधी उघडून बघा. आवाज नको म्हणून पंख्याची वायर काढून ठेवणं तर त्याहून वाईट. झाकण काढून समोर टेबलफॅन लावण्याचा उपायही रस्त्याकडच्या दुकानात उलटा पडतो. वारा लागतो खरा, पण रस्त्याची धूळ थेट मदरबोर्डवर जाते. कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात असेल तर आधी ते बाहेर काढा. खणात पंखा स्वतःच फेकलेली गरम हवा परत ओढतो. मागे भिंतीपासून निदान वीतभर जागा हवी आणि जमिनीऐवजी थोडं उंचावर ठेवलं तर धूळ कमी जाते.

नवा पंखा घेताना

मोठा पंखा जास्त आवाज करतो, हा गैरसमज आहे. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ ८० मिलिमीटरच्या सव्वादोन पट असतं, त्यामुळे तेवढीच हवा तो बराच हळू फिरून देतो. त्याच पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला तो निम्मा वाटतो. म्हणून कॅबिनेटमध्ये जागा असेल तर मोठा घ्या. चार पिनांचा घेतला आणि मदरबोर्डवर तशी जोडणी असली तर वेग गरजेप्रमाणे बदलतो. शक्य असेल तर स्लीव्हऐवजी बॉल किंवा फ्लुइड बेअरिंगचा मागा. बॉल बेअरिंग उष्णतेत टिकतं, फ्लुइड बेअरिंग शांत चालतं.

मुहूर्त कोणता?

वर्षातून दोनदा : दिवाळीच्या साफसफाईत आणि फेब्रुवारीत. फेब्रुवारी अशासाठी की ३१ मार्चची वर्षअखेर आणि उन्हाची सुरुवात एकदमच येते. त्यात मासिक जीएसटीआर-३बी भरणाऱ्यांची २० तारीख दर महिन्याला आहेच. मशीन नेमकं त्याच आठवड्यात बंद पडलं तर विलंब शुल्क आणि व्याज लागतं, पंख्याची सबब तिथे चालत नाही.

तेव्हा आज शटर ओढल्यावर लगेच दिवे बंद करू नका. रस्ता शांत झाला की दोन मिनिटं संगणकाजवळ बसा आणि आवाज वरच्या चारपैकी कोणता, ते कान देऊन ऐका.